दागिन्यातला कुत्रा कशाने मरतो?

सव्वाशे-दीडशे वर्षांचा एक टेरियर गेल्या पावसाळ्यात दादरच्या पारशी कॉलनीत एका डोळ्याने आंधळा झाला. कुत्रा जेमतेम बोटाच्या पेराएवढा. सोन्याच्या कड्यात बसवलेला काचेसारखा घुमट आणि त्याच्या आत मान तिरकी करून बघणारं काळं-तांबूस तोंड. आमच्या ओळखीच्या एका पारशी आजींचा हा ब्रोच. गारा साडीचा, म्हणजे पारशी भरतकामाच्या साडीचा, पदर खांद्यावर टाचायला त्यांच्या आजेसासूबाईंपासून वापरात आहे. घरात लग्न निघालं म्हणून कुणीतरी तो चकचकीत करायला एका दुकानात दिला. दुकानदाराने बांगड्या-साखळ्यांबरोबर तोही अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकला. परत आला तेव्हा कुत्र्याचा डावा डोळा विरघळून गालावर ओघळला होता.

काचेत पाणी शिरलंच कसं, असं घरचे विचारत होते. मी आधी ब्रोच गालाला लावून बघितला. गार लागला. मे महिन्यातही देवघरातली स्फटिकाची माळ हातात घेतली की लागते तसा.

हा गारवा थंडपणाचा नसतो. खोलीतली काच आणि खोलीतला स्फटिक एकाच तापमानाला असतात. पण स्फटिकाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता काचेच्या सहा ते दहा पट असते, त्यामुळे तो गालाची ऊब जास्त वेगाने ओढून नेतो, आणि त्वचेला कळतो तो हा ओढण्याचा वेग. दोन्हीत मुख्य माल एकच, सिलिका. फरक रचनेचा. स्फटिकात अणू कवायतीतल्यासारखे रांगेत उभे असतात, काचेत ते लोकलच्या फलाटावरच्या गर्दीसारखे. रांगेतून उष्णता सरळ निघून जाते, गर्दीत धक्के खात राहते. भिंगातून पाहिलं तर घुमटात एकही बुडबुडा नव्हता, म्हणजे ओतीव काचेची शंका आणखी कमी झाली. लहानपणी आपण ज्या गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडतो, त्यांचाच हा खानदानी, आरपार दिसणारा भाऊ.

अशा दागिन्यांना बाजारात ‘एसेक्स क्रिस्टल’ म्हणतात आणि हे नाव साफ चुकीचं आहे. विल्यम एसेक्स हा राणी व्हिक्टोरियाचा मीनाचित्रकार. तो कुत्री सुंदर रंगवायचा, पण धातूवरच्या मीनाकामात. स्फटिकातली ही कला १८६०च्या सुमारास बेल्जियममधून आली. लंडनमध्ये ती थॉमस कुक नावाच्या कारागिराने उचलली (प्रवास कंपनीवाला कुक वेगळा). त्याच्याकडून ती थॉमस बीन या शिष्याकडे गेली आणि पुढे बीनच्या मुलाकडे व नातवाकडे.

स्फटिकाचा तुकडा आधी पुढून घुमटासारखा आणि मागून सपाट घासतात. मग सपाट बाजूने आत कोरत जातात. स्फटिकाची कठिणता मोहस मापनात ७. साधं पोलाद त्याच्यापुढे चालत नाही, म्हणून तेलात कालवलेली हिऱ्याची पूड फिरत्या बारीक चकतीला लावून कण कण झिजवत जायचं. नाक कुत्र्याच्या तोंडात सर्वांत पुढे, म्हणून ते सर्वांत खोल कोरायचं. कानाची मागची कड सर्वांत उथळ. मोदकाचा साचा आठवा. साच्यात जी खाच असते तीच मोदकावर कळी होऊन वर येते. इथे साचाच पारदर्शक आहे, त्यामुळे मागून जो खड्डा आहे तो पुढून बघणाऱ्याला उंचवटा दिसतो. कुत्रा जिवंत वाटतो तो एवढ्यासाठी की त्याला खरोखरच खोली आहे.

घुमट त्यात आणखी भर घालतो. स्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात उजेड किती वाकतो याचं माप, सुमारे १.५४. विहिरीचा तळ जसा वर आल्यासारखा वाटतो, तसा कुत्रा पृष्ठभागाकडे उचलला जातो, आणि घुमटाच्या गोलाईमुळे तो मोठाही दिसतो. घुमट पूर्ण अर्धगोल असता तर तळाचं चित्र बरोबर अपवर्तनांकाइतकं, म्हणजे साधारण दीडपट दिसलं असतं. प्रत्यक्षात घुमट त्याहून बसका असतो, म्हणून वाढही कमी. कारागिराला हे सूत्र माहीत असण्याची गरज नव्हती. कोरताना तो तुकडा पुन्हा पुन्हा उलटा करून बघत असणार.

खरी कसोटी रंगवताना. नेहमीच्या चित्रात आधी अंगाचा रंग देतात, त्यावर सावल्या आणि शेवटी डोळ्यातला पांढरा ठिपका. इथे मागून रंगवायचं असल्याने सगळं उलट. तो पांढरा ठिपका सर्वांत आधी, मग मिशा, मग केसांच्या छटा, आणि अंगाचा काळा रंग शेवटी. जुन्या वाड्यांमधल्या काचेमागून रंगवलेल्या तसबिरी याच रीतीने केलेल्या असतात. एकदा अंगाचा रंग चढला की चुकलेला डोळा दुरुस्त करायला वाटच उरत नाही. शेवटी पाठीमागे शिंपल्याचा पातळ तुकडा लावायचा. शिंपल्याच्या आतल्या थरात कॅल्शियम कार्बोनेटच्या अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या उजेड परत फेकतात आणि कुत्र्याच्या मागे सकाळच्या धुक्यासारखी झळाळी येते.

आता डोळ्याचं. या कामात जलरंग वापरलेले असतात आणि जलरंग धरून ठेवतो तो डिंक. अल्ट्रासॉनिक मशीन पाण्यात सेकंदाला चाळीस हजारांच्या आसपास कंपनं सोडतं. त्यातून अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि त्या माऱ्याने सांदीकोपऱ्यातला मळ निघतो. सोन्याच्या साखळीला हे स्नान मानवतं. ब्रोचमध्ये मात्र स्फटिक आणि शिंपला यांच्यामधली फट ही केसाएवढी सांदच. पाणी तिथून शिरलं, डिंक भिजला आणि सर्वांत खोल, म्हणजे सर्वांत आधी लावलेला, रंगही सुटला. असे दागिने सुक्या मऊ फडक्यानेच पुसावेत. आणि मुंबईच्या जुलैत ते कपाटाच्या भिंतीलगतच्या खणात ठेवू नयेत, तिथे मशीनशिवायही ओल येते.

आजींना डोळ्याचं दुःख झालं, पण त्यांचा हिशेब वेगळाच होता. “आता याचे तीनच डोळे राहिले,” त्या म्हणाल्या. मला क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी नखाने दाखवलं. टेरियरच्या काळ्या कपाळावर, दोन्ही भुवयांच्या जागी, तांबूस ठिपके होते.

पारशी परंपरेत ‘चार डोळ्यांच्या’ कुत्र्याला मान आहे. डोळ्यांच्या वर असे दोन ठिपके असलेला कुत्रा सगदीदच्या विधीत मृताजवळ आणला जातो आणि त्याची नजर पडावी लागते. या शहरात हे प्रकरण हळवं आहे. १८३२ साली सरकारची मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालू होती, तेव्हा जूनमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडले, दंगल झाली. लंडनच्या कारागिराच्या डोक्यात यातलं काही असण्याचं कारण नाही. त्याने काळ्या-तांबूस टेरियरच्या जातीचं लक्षण इमानदारीने रंगवलं. ब्रोच मुंबईत आला आणि त्या दोन ठिपक्यांचा अर्थ बदलला.

ठिपक्यांमागचं विज्ञान मात्र दोन्हीकडे एकच. केसाला रंग देणाऱ्या पेशी काळं रंगद्रव्य बनवतात किंवा तांबूस-पिवळं. अगूटी नावाचं प्रथिन काळ्याचा संदेश अडवतं आणि मग तांबूस रंग तयार होतो. काळ्या-तांबूस कुत्र्यांमध्ये या जनुकाचं असं रूप असतं की ते पाठीवर गप्प बसतं आणि भुवया, गाल, छाती, पाय अशा ठरावीक जागीच काम करतं. आपल्या गल्लीतल्या काळूच्या भुवयांवरही पुष्कळदा ते दिसतात.

इंग्रजांनी कुत्रे दागिन्यांत का घातले याला फार खोल कारण शोधू नये. कोल्ह्याच्या शिकारीचा षौक, हातात पैसा, आणि १८५९ साली न्यूकॅसलला भरलेल्या श्वानप्रदर्शनानंतर ‘शुद्ध जाती’चं लागलेलं वेड. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला आणि कुणाचा कान किती उभा याची दप्तरी नोंद सुरू झाली. त्याच्या आधीच्या दागिन्यांत रोमचे सूक्ष्म मोझेइक मला जास्त आवडतात. काच वितळवून तिचे दोरे ओढायचे, दोऱ्यांचे कणीएवढे तुकडे करायचे आणि एकेक चिमट्याने लावून स्पॅनियलचा रेशमी कान उभा करायचा. मोबाइलच्या पडद्यावर चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी बनतं, तसंच.

या श्रीमंत कुत्र्यांचा गरीब नातेवाईक मला चोरबाजारात मटन स्ट्रीटवर मिळाला. दाढीवाला स्कॉटी, हस्तिदंती रंगाचा, मागे गंजकी पिन. विकणाऱ्याने दोनशे सांगितले, ऐंशीला दिला, “हाथीदांत है” ही थाप फुकट. १९३०च्या दशकात स्कॉटिश टेरियरची अशी लाट होती की अमेरिकेत तो ब्रोचवर, बटणांवर, ॲशट्रेवर सगळीकडे बसला होता. पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडेही फाला नावाचा स्कॉटी आला.

हा कशाचा, हे नाकाने सांगितलं. अंगठा जोरात घासून प्लॅस्टिक गरम केलं आणि हुंगलं, तर आरतीच्या ताटाचा वास. कापूर! म्हणजे सेल्युलॉइड. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज होतं, पण ते ठिसूळ. त्यात कापूर मिसळला की ते लवचिक होऊन साच्यात बसतं, हे अमेरिकेत जॉन वेस्ली हयात याने १८७०च्या सुमारास साधलं. बिलियर्डच्या चेंडूसाठी हस्तिदंताला पर्याय हवा होता, त्यातून ही खटपट. घासल्यावर कापराऐवजी जुन्या दवाखान्यासारखा फिनॉलचा वास आला असता तर तो बेकेलाइट, आपल्या चाळींतल्या विजेच्या काळ्या गोल बटणांचा पदार्थ. दुधातल्या केसीनपासून केलेलं प्लॅस्टिकही असतं, त्याला जळक्या दुधाचा वास येतो.

जुन्या पुस्तकी सल्ल्यात तापलेली सुई टोचून बघा असं असतं. सेल्युलॉइडवर हे करू नका, ते भस्सकन पेट घेतं. मूकपटांची कितीतरी रिळं अशीच खाक झाली.

माझ्या स्कॉटीचा अंत वेगळा आहे आणि तो सुरू झालेला आहे. डबी उघडी ठेवली की कापराची वडी हळूहळू नाहीशी होते, तसाच ब्रोचमधला कापूरही वर्षानुवर्षं उडत राहतो. पदार्थ आक्रसतो, तडे जातात. उरलेलं नायट्रोसेल्युलोज विघटित होताना आम्ल वायू सोडतं, तो आसपासचा धातू खातो आणि त्या विघटनाला आणखी वेग देतो. पिन गंजली होती ती बहुधा यामुळेच. मुंबईची उष्णता आणि दमटपणा त्याला मानवत नाहीत. बंद डबीत इतर दागिन्यांबरोबर ठेवला तर तो त्यांनाही घेऊन जाईल, म्हणून तो एकटाच, हवेशीर खोक्यात, माझ्या टेबलावर बसलेला असतो.

मराठी दागिन्यांत कुत्रा मला कुठे आठवत नाही. मोर आहे, पोपट आहे, मासा आहे, मकर आहे. कुत्रा आपल्याकडे देव्हाऱ्यात राहतो. दत्ताच्या तसबिरीत चार, आणि खंडोबाच्या टाकावर एक.

आमच्या घरच्या टाकावर खंडोबा घोड्यावर आहे, मागे म्हाळसा, आणि घोड्याच्या पायांशी कुत्रा. चांदीचा पातळ पत्रा ठशावर मागून दाबून ठोकलेला, म्हणजे तत्त्व त्या स्फटिकासारखंच, मागून खड्डा आणि पुढे उंचवटा. चांदी ठोकली की तिच्यातल्या स्फटिककणांची मांडणी विस्कटून ती ताठरते, म्हणून कारागीर मधूनमधून ती तापवून पुन्हा मऊ करतो.

मऊ म्हणजे अडीच-तीन कठिणतेची. हवेतल्या गंधकाच्या वायूने तिच्यावर काळा थर चढतो. खाडीच्या वाऱ्यात आणि गटारांच्या शेजारात मुंबईत तो लवकर चढतो. तो थर बाहेरून आलेला मळ नव्हे, ते चांदीचंच सल्फाइड. घासून काढलं की चांदीच निघते. गरम पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल यांत बुडवला तर गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. हे मला रसायनशास्त्र शिकल्यावर कळलं. त्याआधी तीन पिढ्या आमच्याकडे दर चंपाषष्ठीला टाक घासले गेले ते कोकणातून आलेल्या राखुंडीने. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. आजींच्या टेरियरला ज्या सिलिकाने ओरखड्यांपासून जपलं, तिच्याच कणांनी आमचा कुत्रा झिजवला.

घोड्याचे पाय अजून ओळखू येतात. खंडोबाचं तोंड गुळगुळीत झालंय. पायांशी एक पुसट टेंगूळ उरलं आहे, आणि आई हळद-कुंकू वाहताना दरवेळी करंगळीने ते दाखवते, “इथे कुत्रा आहे हं, त्यालाही वाहा.”