सडण्याचं शास्त्र आणि इंदूर

इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाला जातो आणि त्याचा बायो-सीएनजी, म्हणजे कचऱ्यापासूनचा इंधनवायू, होतो, हे इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. 2022 मध्ये हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज 550 टनांची होती. पण सडण्याचा पद्धतशीर अभ्यास या शहरात त्याच्या कितीतरी आधी झाला.

आधी सडण्याची निसर्गातली जागा पाहू. 'जीवावरण', म्हणजे पृथ्वीवरचा सजीवांचा थर, ही संज्ञा भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूसने 1875 मध्ये वापरली. 1926 मध्ये रशियन शास्त्रज्ञ व्हर्नाड्स्कीने त्यावर ग्रंथ लिहिला. 'परिसंस्था', म्हणजे एखाद्या जागेतले सजीव आणि त्यांचा परिसर मिळून, ही संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टान्सलेची, 1935 ची. सूर्याची ऊर्जा वनस्पतींमार्फत परिसंस्थेत शिरते, पायरीपायरीने वर जाते आणि वाटेत बहुतेक उष्णता होऊन निघून जाते. नायट्रोजन, फॉस्फरस मात्र फिरत राहतात. ते फिरवणारे बुरशी आणि जिवाणू. पाठ्यपुस्तकातल्या अन्नसाखळीत वाघाचं चित्र ठरलेलं. बुरशीला एखादी ओळ मिळाली तरी खूप.

इंदुरात 1924 मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड संचालक, मुख्य काम कापसाच्या संशोधनाचं. अडचण अशी की शेण गोवऱ्या होऊन चुलीत जायचं आणि जमीन उपाशी राहायची. मग शेतात पडलेल्या पऱ्हाट्यांकडे, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांकडे, लक्ष गेलं. त्या इतक्या टणक की रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या, मग बैलांखाली अंथरायच्या. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, जेमतेम दोन फूट खोल खड्ड्यात हा काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि राख यांचे थर. पाणी मारायचं, पण चिखल होऊ द्यायचा नाही. पंधरवड्याने, महिन्याने, दोन महिन्यांनी उलथापालथ. आधी बुरशी कामाला लागते, ढीग चांगलाच तापतो. मग जिवाणू पुढचं उरकतात. तीन महिन्यांत खत तयार. हवा कोंडली की दुर्गंधी, माश्या आणि नायट्रोजनची नासाडी. बायो-सीएनजीत नेमकं उलट: तिथे मिथेन हा जळणारा वायू मिळवायचा असतो, म्हणून हवा मुद्दाम बंद.

1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेल्या गांधीजींनीही हे काम पाहिलं. पुढे ही पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून परदेशातल्या चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत गेली. तिचं मूळ पुस्तक 1931 चं; त्यावर हॉवर्डच्या बरोबरीने यशवंत वाड यांचंही नाव आहे. ते संस्थेच्या रसायन विभागात होते. सेंद्रिय शेतीवरच्या लेखांत हॉवर्ड हटकून येतात, वाड क्वचितच. इंदूरकरांनी तरी दोघांचीही नावं घ्यावीत.