तापमापक डांबराशेजारी असेल तर?

छायाचित्रात हवामान केंद्राची झडपांची पांढरी पेटी दिसते, आत तापमापक. दोन हातांवर एसीची गरम हवा बाहेर फेकणारा पंखा, खाली डांबरी पार्किंग. अमेरिकेत टीव्हीवर हवामान सांगणारे अँथनी वॉट्स यांनी २००७ पासून स्वयंसेवकांकरवी देशभरातल्या केंद्रांची छायाचित्रं जमवली आणि विचारलं, की अशा जागी घेतलेल्या आकड्यांवरून पृथ्वी तापते आहे हे मानायचं कसं?

प्रश्न रास्त होता. असं विचारणाऱ्यांना पुष्कळांनी वेड्यात काढलं, ते चुकलंच. आकड्यांवरची शंका आकडे तपासूनच मिटते. आणि ती तपासली एका शंका घेणाऱ्यानेच.

रिचर्ड म्युलर हे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ. तापमानवाढीच्या आलेखांवर त्यांचा पुरता विश्वास नव्हता. २०१० मध्ये त्यांनी 'बर्कली अर्थ' हा गट उभा केला. सॉल पर्लमटर त्यात होते, ज्यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. काही पैसा तेलाच्या धंद्यातले उद्योगपती चार्ल्स कोक यांच्या न्यासाचा होता. निकाल काहीही लागो, मी तो मान्य करीन, असं वॉट्स यांनी मार्च २०११ मध्ये जाहीर केलं.

हिशेब कसा केला, ते समजून घेण्यासारखं आहे. मुंबईचं तापमान म्हणून आपण रोज दोन आकडे वाचतो, कुलाब्याचा आणि सांताक्रूझचा. दोन्ही बरोबर असतात, पण जुळत नाहीत. वाढ मोजताना याने बिघडत नाही, कारण प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या नोंदींशी होते. डांबराशेजारचा तापमापक कायमच दीड अंश जास्त दाखवत असेल, तर वजाबाकीत तो दीड अंश निघून जातो. घोळ होतो तो डांबर मध्येच कधीतरी पडलं तर. मग आसपासची केंद्रं शांत असताना त्या एका केंद्राच्या नोंदी एकदम उडी मारतात. बर्कलीच्या गटाने अशा उडीपाशी नोंदवही सरळ कापली आणि पुढचा भाग नवं केंद्र समजून मोजला. या पद्धतीने ३९,००० हून अधिक केंद्रांच्या सुमारे १६० कोटी नोंदी त्यांनी तपासल्या.

ऑक्टोबर २०११ मध्ये निकाल आला. १९५० च्या दशकापासून जमिनीवरचं सरासरी तापमान सुमारे ०.९ अंश सेल्सिअसने वाढलं होतं. नासा आणि इतर संस्थांचे जुने आलेख जवळजवळ तंतोतंत जुळले. शहरांपासून दूरची केंद्रं वेगळी काढून पाहिली, तरी वाढ तेवढीच. वाईट जागी असलेल्या केंद्रांचा कलही चांगल्या केंद्रांसारखाच. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट: जवळपास एक तृतीयांश केंद्रांवर तापमान उतरलेलं दिसलं. 'आमच्याकडे तर गारवा वाढलाय' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. फक्त उरलेल्या दोन तृतीयांश केंद्रांवर काय झालं, हे त्याच्या अंगणातून दिसत नाही.

वॉट्स यांनी निकाल मानला नाही. त्यांनी पद्धतीवरच आक्षेप घेतले. म्युलर यांनी मात्र जुलै २०१२ मध्ये जाहीर लिहिलं, की आपलं मत बदललं आहे आणि ही वाढ जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे झाली आहे.

अनिश्चितता अजिबात उरली नाही, असं नव्हे. एकोणिसाव्या शतकातली केंद्रं थोडी, दक्षिण गोलार्ध तर बराचसा रिकामा, म्हणून तेव्हाच्या आकड्यांना चुकीची मुभा मोठी ठेवावी लागते.

समुद्राचं तर वेगळंच. पूर्वी खलाशी कॅनव्हासची बादली समुद्रात सोडायचे, दोराने डेकवर ओढायचे आणि तिच्यात तापमापक बुडवायचे. ओल्या कापडाला वारा लागला, की माठातल्यासारखं पाणी गार व्हायचं, आणि नोंद खऱ्यापेक्षा कमी पडायची. पुढे इंजिनसाठी आत ओढलेल्या पाण्याचं तापमान घेऊ लागले, ते इंजिनघराच्या उबेने किंचित जास्त भरायचं. म्हणून शास्त्रज्ञ बादलीच्या जुन्या नोंदी वर सरकवतात. आकडे फुगवल्याचा आरोप होतो तो अशाच दुरुस्त्यांवरून. पण जुने आकडे वर गेले, की आजचा फरक कमी होतो. जमीन आणि समुद्र मिळून सगळ्या कच्च्या नोंदी जशाच्या तशा धरल्या, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची तापमानवाढ शास्त्रज्ञ आज सांगतात त्याहून जास्तच भरते.