‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे द्रौपदी म्हणाली होती का?

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली, की रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येते: मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणून हसली आणि त्या एका बोलण्यापायी महाभारत घडले. रंगमंचावर ते वाक्य इतके ठसते की ते मूळचेच वाटावे, यात नवल नाही.

मूळ संस्कृत ग्रंथाच्या, अनेक हस्तलिखिते ताडून 1966 साली पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तीत मात्र हे वाक्य नाही. सभापर्वाच्या 43व्या अध्यायात दुर्योधन स्फटिकाच्या फरशीला पाणी समजून वस्त्रे सावरतो, पुढे खऱ्या पाण्याला जमीन समजून कपड्यांसकट पडतो. तेव्हा आधी सेवक हसतात, मग भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव. द्रौपदीचा तिथे उल्लेखही नाही. ती स्त्रियांसह हसली, हे 46व्या अध्यायात दुर्योधन स्वतः धृतराष्ट्राला सांगतो. पण दुखावलेल्या त्या माणसाच्या तक्रारीतही हे शब्द नाहीत, आणि ते उच्चारले गेले असते तर आंधळ्या बापापुढे त्याने ते गाळले असते, असे मला वाटत नाही.

शकुनीजवळ तो जळतो ते मुख्यतः युधिष्ठिराचे वैभव पाहून. हा मत्सर त्याचा स्वतःचा आहे.

गावच्या वाचनालयात सभापर्वाचे संपूर्ण भाषांतर असल्यास द्यूताआधीचे अध्याय काढून पाहावेत. आवृत्तीनुसार अध्यायांचे क्रमांक बदलतात, आणि संक्षिप्त कथारूप पुस्तक या पडताळणीला चालणार नाही.