तालीम सुटली, खुराक राहिला: लठ्ठपणामागची पार्श्वभूमी

तालीम सोडलेल्या पैलवानाचं पोट सुटलं की कोल्हापुरात निदान ठरलेलं: जोर-बैठका बंद, खुराक चालूच. हिशेब बरोबर आहे. लिटरभर म्हशीचं दूध, १०० ग्रॅम बदाम आणि ५० ग्रॅम तूप मिळून सुमारे २,००० कॅलरी होतात. किलोभर चरबीत साधारण ७,७०० मावतात. पण मेहनत थांबली तरी भूक का उतरत नाही?

ज्याँ मेयर आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून काम करणारे तिथं अंगमेहनत करणाऱ्यांइतकंच खात होते आणि वजनानं भारी होते. हालचाल फारच कमी झाली की भूक तिच्या मागोमाग उतरत नाही.

भुकेची सूत्रं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे असतात, हे १९४० च्या सुमारास उंदरांवर दिसलं होतं. त्याला खबर कोण देतं, हे डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांचं रक्ताभिसरण जोडून शोधलं. एका जातीच्या लठ्ठ उंदराला साध्या उंदराशी जोडलं, तर लठ्ठ कमी खाऊ लागला. दुसऱ्या जातीच्या लठ्ठाशी जोडलेला साधा उंदीर मात्र उपाशी मेला. म्हणजे पहिल्यात खबर तयारच होत नव्हती. दुसऱ्यात भरपूर होती, पण त्याच्या मेंदूला ऐकू येत नव्हती. ही खबर म्हणजे चरबीच्या पेशींतून निघणारं लेप्टिन. त्याचं जनुक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला १९९४ मध्ये सापडलं.

लेप्टिनचं इंजेक्शन देऊन वजन उतरवण्याची आशा मात्र फोल ठरली. बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच जास्त असतं, मेंदू दाद देत नाही. उलट वजन उतरलं की लेप्टिन घटतं, भूक वाढते, शरीर खर्च आखडतं. उतरवलेलं वजन परत येतं ते यामुळं. दरवेळी जिभेला बोल लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं, की इथली बाळं जन्मतः वजनानं कमी, तरी त्या मानानं चरबीनं जास्त असतात. त्यामुळं काट्यावर विसंबता येत नाही. कमावलेला पैलवान त्यावर लठ्ठ ठरतो, पोट सुटलेला किडकिडीत कारकून सुटतो. टेप घ्यावा: पोटाचा घेर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. लेंग्याची नाडी पोटाखाली बांधलेली असते. तिथं मोजलं तर आकडा हमखास कमी येतो.