दिवा हळदणकरांचा, नाव रविवर्म्याचे

एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणाऱ्या स्त्रीचे चित्र बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी घरांना नवे नाही. कॅलेंडरवर किंवा तसबिरीत, सोप्याच्या भिंतीवर लावलेल्या या चित्राची ओळख मात्र बहुधा ‘रविवर्म्याचे चित्र’ अशीच करून दिली जाते, आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात मूळ चित्र पाहून आलेली माणसेही अनेकदा तोच समज घेऊन परततात.

या समजाला कारण आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्यातून निघालेल्या स्वस्त चित्रांनी लुगड्यातील देखण्या स्त्रीच्या कोणत्याही चित्राला त्यांचेच नाव चिकटवून ठेवले. शिवाय त्याच कलादालनात त्यांची अस्सल तैलचित्रेही आहेत. पण रविवर्मा वारले १९०६ साली, आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. हळदणकर (१८८२-१९६८) सावंतवाडीचे, म्हणजे बेळगावकरांच्या हिशेबाने आंबोली घाट उतरला की आलेच. चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता; पुढे कोल्हापूरला स्थायिक झालेल्या गीता उपळेकर २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडून निवर्तल्या.

हे कळल्यावर देवीसारखी किंवा पुराणातली भासणारी ती स्त्री एकदम कुणाची तरी लेक होते, हे खरेच. काहींना त्यात थोडा विरसही वाटतो. तरीही माझ्या मते पाहण्यात खरा फरक पडतो तो दुसऱ्याच माहितीने. हे तैलचित्र नसून जलरंगातले आहे. तैलरंगात आधी अंधार रंगवून त्यावर उजेडाचा जाड फटकारा देता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवता सोडलेला कागद, आणि एकदा गडद झालेली जागा पुन्हा तितकी उजळत नाही. म्हणजे ज्योतीची जागा चित्रकाराने अगोदर राखून ठेवायची आणि काळोख तिच्या कडेकडेने आणायचा. हे ठाऊक नसताना नजर चेहऱ्यावर थांबते. ठाऊक झाले की ती खाली सरकते, ज्योतीपुढे धरलेल्या बोटांवर, जिथे उजेड कातडीतून आरपार येऊन तांबूस झाला आहे.