प्लेग, रेल्वे आणि १८९७ ची नाकेबंदी

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. हाँगकाँगमध्ये १८९४ साली हीच साथ होती, आणि मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची गोदामे. तिथे उंदीर आधीच मरून पडू लागले होते.

पुढच्या पाच महिन्यांत आठ लाखांवर वस्तीच्या या शहरातून जवळपास निम्मे लोक निघून गेले. साथरोग कायदा आला ४ फेब्रुवारी १८९७ ला. तोवर पुणे आणि कराचीत प्लेग पोचलाही होता.

कायदा अवघ्या चार कलमांचा. रेल्वे प्रवाशांची तपासणी, संशयितांना वेगळे ठेवणे, जहाजे अडवणे, सगळे अधिकार त्यात आले. मुंबई-कराचीहून हजला जाणारी वाहतूकही त्या वर्षी बंद केली. युरोपातले देश हिंदुस्थानच्या व्यापाराला आपली बंदरे बंद करतील, ही सरकारची धास्ती त्यामागे होती. रयतेच्या काळजीपेक्षा तीच मोठी, असे आम्हाला वाटते.

रेल्वेवर कल्याणसारख्या स्थानकात प्रवाशांना उतरवून ताप पाहत, काखेत-जांघेत गाठ चाचपत. पण लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण २ ते ६ दिवस जातात आणि गाडी मुंबईहून पुण्याला काही तासांत पोचते. काल लागण झालेला माणूस आज धडधाकट म्हणून सुटे. शिवाय परक्या पुरुषाने बायकांच्या अंगाला हात लावणे लोकांना सहन होईना, मग आजारी माणसे लपवली जाऊ लागली.

मूळ चूक वेगळीच होती. हा रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली, मुंबईत परळच्या प्लेग-संशोधन प्रयोगशाळेतले काम व्हावे लागले. तोवर नजर माणसावर, आणि धान्याची पोती नि वळकट्या पिसवांसकट पुढच्या गावी.

खेड्यांतली रीत जास्त उपयोगी ठरली. घरात उंदीर पडला की गाव सोडून शेतात खोपटी बांधून राहायचे. हे जाणे जेमतेम शिवारापुरते, पण त्याने माणूस घरातल्या उंदरापासून तुटे. मात्र अंथरूण-धान्य उन्हात न घालता सोबत नेले, किंवा परतायची घाई केली, तर पिसवा पुन्हा अंगावर.