जपान रेल पास: कोणाला मिळतो, कुठे अडतो आणि मुळात घ्यावा का

जपानला जायचं ठरलं की व्हिसाच्याही आधी लोक रेल पासचं, म्हणजे ठरावीक दिवस रेल्वेने हवं तितकं फिरू देणाऱ्या तिकिटाचं, विचारतात. आधी जाऊन आलेल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, "सात दिवसांचा पास डोळे झाकून घ्या." तेव्हा ते बरोबरच होतं. सात दिवसांचा साधा पास ३० हजार येनच्या आत मिळायचा. १ ऑक्टोबर २०२३ ला तो ५०,००० येन झाला, १४ दिवसांचा ८०,००० आणि २१ दिवसांचा १ लाख. (६ ते ११ वर्षांच्या मुलांना निम्मे पैसे.) दर बदलले, सल्ला मात्र तोच फिरतोय. त्यामुळे आधी हिशेब करा, मग कागदपत्रांकडे वळा. आणि पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर चालू दर एकदा बघाच.

आपल्याकडची नेहमीची सहल म्हणजे टोकियो, क्योटो, ओसाका आणि परत टोकियो. टोकियो ते क्योटो शिनकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) सुटं तिकीट साधारण १४ हजार येन, ओसाकाहून टोकियो साडेचौदा हजारांच्या आसपास, मधलं क्योटो–ओसाका लोकल गाडीने सहाशेच्या आत. बेरीज २९ हजार. यावर पास घेतला तर माणशी २१ हजार येन पाण्यात जातात. हिरोशिमा जोडलं तरी टोकियो–क्योटो १४, क्योटो–हिरोशिमा ११ आणि हिरोशिमा–टोकियो १९ मिळून ४४ हजारच होतात. नारिता विमानतळाची एक्सप्रेस जाता-येता धरली (एका वेळचे सुमारे तीन हजार), तर कुठे ५० हजारांची बरोबरी होते.

पण त्यासाठी उतरणं आणि परत उडणं दोन्ही त्याच सात दिवसांत बसायला हवं. हे सात दिवस सलग असतात आणि तारखेने मोजले जातात. संध्याकाळी सातला पास सुरू केला तरी तो अख्खा दिवस गेला. मधे एक दिवस थांबलात तर तो पुढे ढकलता येत नाही. दहा दिवसांच्या सहलीत लोक विमानतळावरच पास सुरू करतात आणि पहिले तीन दिवस टोकियोच्या मेट्रोने फिरतात, जिथे हा पास चालतच नाही. तो फक्त जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वे गटातल्या कंपन्यांच्या, गाड्यांसाठी आहे. मेट्रो, क्योटोच्या बहुतेक बस, हाकोनेला जाणारी ओदाक्यू रेल्वे, फुजीच्या पायथ्याशी कावागुचिकोला नेणारी फुजिक्यू, यांची तिकिटं वेगळीच काढावी लागतात. म्हणून पास घ्यायचाच असेल तर टोकियोचे दिवस त्याच्या बाहेर ठेवा.

पास परवडतो तो हिरोशिमाच्याही पुढे फुकुओकापर्यंत जाऊन परत येणाऱ्यांना, किंवा हिरोशिमा आणि सेंदाई अशी दोन टोकं एकाच आठवड्यात करणाऱ्यांना. आई-वडिलांना घेऊन जाताना अशी धावपळ करू नका, एवढं कळकळीने सांगते.

आता पात्रता. नुसता परदेशी पासपोर्ट आहे एवढ्यावर पास मिळत नाही. पासपोर्टवर जपानमध्ये शिरताना चिकटवलेल्या कागदावर 'टेम्पररी व्हिजिटर' असं लिहिलेलं लागतं. पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना ते मिळतं. पण मुलगा टोकियोत नोकरीला आहे, नीशी-कासाईत राहतो, त्याच्याकडे रेसिडेन्स कार्ड आहे, त्याला हा पास मिळत नाही. सून किंवा शिकायला गेलेली पुतणी असेल तर तिलाही नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात चौघांचे चार पास काढले जातात आणि त्यातले दोन बाद होतात. पास दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. अशा घरांनी जेआर ईस्टचे प्रादेशिक पास बघावेत. त्यातले काही तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही मिळतात.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते नावावर, आणि ही अडचण खास आपली आहे. आपल्या बऱ्याच पासपोर्टांवर पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. एजंटकडे फॉर्म भरताना आपण सवयीने नाव आणि आडनाव एवढंच सांगतो. मग एजंट देतो त्या एक्स्चेंज ऑर्डरवरचं (जपानमध्ये जो कागद देऊन खरा पास घ्यायचा, त्यावरचं) नाव पासपोर्टशी जुळत नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत तिथल्या पासच्या खिडकीवरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवले, एकेका अक्षराखाली बोट सरकवत नेलं आणि मधल्या नावाशी येऊन ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा तिथेच थांबली. वरिष्ठ आले, वाकून माफी मागितली, पण पास दिला नाही. इथल्या एजंटाचं कार्यालय तेव्हा बंद होतं. मावशीने सुटी तिकिटं काढली. ऑर्डरचे पैसे पुढे रक्कम कापून परत आले. मावशीची काहीच चूक नव्हती. फॉर्म भरणाऱ्याने पासपोर्ट समोर उघडून बघायला हवा होता. तुम्ही स्वतः भरत असाल तर पासपोर्टच्या तळाशी छापलेल्या दोन ओळींतलं नाव जसंच्या तसं उतरवा.

मुदतीही दोन आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक्स्चेंज ऑर्डर निघाल्यापासून तीन महिन्यांत ती जपानमध्ये देऊन खरा पास घ्यायचा. पास घेताना सुरू होण्याची तारीख सांगायची, ती त्या दिवसापासून एका महिन्याच्या आतली. एकदा छापलेली तारीख बदलून मिळत नाही, हरवलेला पास पुन्हा मिळत नाही. एप्रिलमधल्या साकुरासाठी (चेरीच्या बहरासाठी) दिवाळीतच ऑर्डर घेऊन ठेवली तर ती फेब्रुवारीतच बाद होते. अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेल्या पासवर जागा घरबसल्या राखता येतात, म्हणून शक्य तर तिथूनच घ्या.

खिडकीवर मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो चालत नाही.

पास हातात आला तरी नोझोमी आणि मिझुहो या सर्वांत वेगवान गाड्या त्यात धरलेल्या नाहीत. बसायचं असेल तर वेगळं जादा तिकीट घ्यायचं, टोकियो ते क्योटो ४,९६० येन. हिकारी या जरा कमी वेगाच्या शिनकानसेनने त्याच अंतराला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात आणि ती पासात येते. तीच घ्या.

आपल्या मोठ्या बॅगांचंही बघा. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियोहून क्योटो-हिरोशिमाकडे जाणाऱ्या शिनकानसेनमध्ये सामानाच्या जागेसह सीट आधी राखावी लागते. राखायला पैसे पडत नाहीत, न राखता बॅग चढवली तर १,००० येन भरावे लागतात. घरीच टेप लावून मोजा, चाकं आणि हँडल धरून.

ज्यांचं क्योटो, ओसाका, हिरोशिमा एवढंच ठरलंय त्यांनी जेआर वेस्टचा पाच दिवसांचा कानसाई-हिरोशिमा पास बघावा. ऑक्टोबर २०२३ च्या दरांप्रमाणे तो १७,००० येनचा आहे आणि शिन-ओसाका (ओसाकाचं शिनकानसेन स्टेशन) ते हिरोशिमा नोझोमीसुद्धा त्यात चालते. पात्रता तीच, 'टेम्पररी व्हिजिटर'. मात्र क्योटो ते शिन-ओसाका हा शिनकानसेनचा तुकडा त्यात नाही, तेवढ्यासाठी क्योटोहून साधी जलद गाडी पकडायची. अर्ध्या तासात शिन-ओसाका येतं, तिथे उतरून वरच्या फलाटावर जायचं.